आधी चलन, मग शिक्का

उल्हासनगरच्या अनेक टिकाण्यांत, म्हणजे सिंधी समाजाच्या मंदिरांत, गुरु ग्रंथ साहिब आणि देवदेवतांच्या मूर्ती एकाच छताखाली आढळतात. अशाच व्यवस्थेवर निहंगांनी आक्षेप घेतल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये इंदूरच्या सिंधी बांधवांनी आपल्याकडील ग्रंथाच्या प्रती गुरुद्वाऱ्यात नेऊन दिल्या. आक्षेप शीख मर्यादेला धरून होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु एखादे लेखन धर्मग्रंथ ठरते ते कोणाच्या मान्यतेने, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

ख्रिस्ती ‘नव्या करारा’तील पुस्तके ३२५ साली निकायाच्या धर्मपरिषदेने मतदानाने निवडली, असा एक समज आहे. वस्तुतः तसा कोणताही ठराव तेथे झाला नाही. पौलाची पत्रे पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिली गेली. गावोगावच्या मंडळ्यांनी ती उतरून घेतली, उपासनेत वाचली. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुना करार बाजूस सारून लूकचे शुभवर्तमान, तेही काटछाट करून, आणि पौलाची दहा पत्रे एवढेच प्रमाण मानले. इतरांना त्याला उत्तर देणे भाग पडले. आज मान्य असलेल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या ३६७ च्या पत्रात. नोट केवळ तिच्यावरील सहीने चालत नाही, समोरचा ती घेतो म्हणून चालते, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवतो. येथेही चलन आधी होते, शिक्का मागाहून आला.

आदिग्रंथाचे तसे नव्हे. तेथे संकलनकर्ते खुद्द गुरूच होते. गुरु अर्जनदेवांनी सिद्ध केलेला ग्रंथ १६०४ मध्ये अमृतसरला हरिमंदिरात स्थापन झाला आणि १७०८ मध्ये, आपल्याच नांदेडला, गुरु गोविंदसिंगांनी त्याला गुरुपद दिले. शिक्का एवढा स्पष्ट क्वचितच कोठे असेल. तरीही त्या ग्रंथात आमच्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेव गुरु नानकांच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे. दीक्षेचा दाखला त्यांच्याकडे कोण मागणार?

कल्याणच्या लष्करी छावणीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले; तेथे आलेल्या निर्वासितांची नानकभक्ती सिंधमधलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. ग्रंथाच्या मर्यादेविषयी त्यांच्याशी अवश्य बोलावे. ग्रंथासाठी वेगळी खोली करता येईल, सेवेचे नियम शिकता येतील. वाचणाऱ्यांच्या घरून ग्रंथच उचलून नेण्याचे कारण मात्र मला दिसत नाही.