कृश शरीर आणि मधुमेह : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
मधुमेह हा सधन व स्थूल व्यक्तींचा आजार आहे, असा समज आपल्या समाजात रूढ आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील २० ते ७९ वयोगटातील ५३ कोटी ७० लाख व्यक्तींना मधुमेह होता; २०२४ मध्ये ही संख्या ५८ कोटी ९० लाख झाली. यांतील बहुसंख्य रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार एकट्या भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. म्हणूनच वरील समज तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पुण्याचा अभ्यास :
दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीरातील पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि कालांतराने स्वादुपिंडही थकते. पोटातील चरबी यास विशेष कारणीभूत ठरते. ही चरबी बाह्यतः कृश दिसणाऱ्या शरीरातही असू शकते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. भारतीय बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या प्रमाणात घटलेली नव्हती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आढळली. गर्भावस्थेत अपुऱ्या पोषणाशी जुळवून घेतलेल्या शरीरास पुढे मुबलक अन्न व अल्प श्रम लाभले, की त्याची क्षमता अपुरी पडते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

गोंदियाच्या संदर्भात :
१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे. पुण्यातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होतील असे नव्हे. तथापि त्यातील इशारा दुर्लक्षिता येत नाही. बांधीतील रोवणी सुटते, बैठे काम येते, दुचाकी येते. ताटातील भात मात्र तेवढाच राहतो. शिवाय, कृश स्त्रीला मधुमेहाची शंकाच येत नाही. पायाची जखम भरत नाही, तेव्हा निदान होते.

उपाय :
१. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, शरीरयष्टी कशीही असो, रक्तशर्करा तपासावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक मिलिग्रॅम शर्करा पुन्हा तपासणीतही आढळल्यास मधुमेहाचे निदान होते.
२. वजनासोबत कंबर मोजावी. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते.
३. किशोरवयीन मुली व गर्भवती यांच्या पोषणाकडे मधुमेह-प्रतिबंधाचा भाग म्हणून पाहावे.
४. राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांत स्वच्छतेबरोबर कंबरेच्या मोजमापाचा व जनजागृतीचा समावेश करावा. यास केवळ एक मोजपट्टी पुरते.

निष्कर्ष :
सारांश, मधुमेहाची बीजे काही अंशी मातेच्या कुपोषणात आहेत. कुपोषण व मधुमेह हे दोन स्वतंत्र प्रश्न नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. कृशता म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे विद्यार्थ्यांमार्फत घराघरांत पोहोचविणे प्राध्यापक वर्गास सहज शक्य आहे.