दवाखान्याच्या इंजिनाला वैल

रेंज नसल्यामुळे ज्यांना हा भाग ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय.

राजूरपासून सुरुवात करू. अकोले तालुका म्हणजे विजेचं माहेरच. भंडारदरा धरणावर वीजघर आहे, वर घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. पण ही वीज आधी मोठ्या ग्रीडमध्ये जाते आणि गावात येते ती साध्या खांबांवरून. आषाढात तारेवर झाड पडलं की धरण उशाला असूनही अंधार. मग दवाखान्याच्या मागे जनरेटर धडधडायला लागतो.

त्या जनरेटरजवळ कधी उभे राहिलात? अंगावर येते ती गरम हवा म्हणजे आपलंच डिझेल. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. वीज मिळते तीन-साडेतीन युनिट. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर. आणि गंमत बघा, त्याच वेळी आत बाळंतिणीच्या अंघोळीसाठी गीझर चालू असतो, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह विजेवर तापत असतो. म्हणजे एका दाराने उष्णता फेकायची आणि दुसऱ्या दाराने विकत आणायची.

आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. चुलीला वैल असतो ना? मुख्य तोंडावर भाकरी, आणि उरलेल्या धगीवर वैलावर आमटी. लाकूड तेच, कामं दोन. वीज आणि उष्णता एकाच इंधनातून घेणाऱ्या संयंत्राला कोजनरेशन म्हणतात, आणि ते म्हणजे इंजिनाला बसवलेला वैल. इंधनातली ७५-८० टक्के ऊर्जा कामी येऊ शकते.

साखर कारखान्यातलं ‘कोजन’ तुम्ही ऐकलंच असेल. बगॅस जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटवायचा. जुने बॉयलर कमी दाबाचे होते, तेव्हा वीज कारखान्यापुरतीच व्हायची. जास्त दाबाचे बॉयलर आले आणि तेवढ्याच बगॅसवर वीज विकण्याइतकी उरू लागली.

मोठ्या रुग्णालयाला हे छान जमतं, कारण तिथे गरम पाणी आणि वाफ बाराही महिने, रात्रंदिवस लागते. इंजिन थंड ठेवणारं पाणी ८०-९० अंशांवर बाहेर येतं, ते अंघोळीला, धुण्याला पुरतं. ऑटोक्लेव्हला १२१ अंशांची वाफ लागते, त्यासाठी धुराची उष्णता वापरावी लागते, कारण धूर चारशे अंशांच्या आसपास असतो.

आता असं जुनं संयंत्र सुधारायचं झालं, तर लोक आधी विचारतात, ‘किती मोठं इंजिन घ्यायचं?’ माझ्या मते प्रश्नच उलटा आहे. संयंत्र बसवलं तेव्हा धुणं आवारातच वाफेवर व्हायचं, आता ते बाहेर जातं. उलट एसी वाढले, सीटी स्कॅन आला. विजेची भूक वाढली, उष्णतेची घटली. अशा वेळी विजेच्या मापाने इंजिन घेतलंत तर उष्णता परत रेडिएटरमधून उडणार आणि हाती उरणार एक महागडा जनरेटर. म्हणून आधी वर्षभराचा गरम पाण्याचा आणि वाफेचा हिशोब काढायचा. उष्णता उरतच असेल तर तिच्यावर थंडावाही करता येतो. गरम पाण्यावर चालणारे शोषण चिलर असतात. पुण्याची थरमॅक्स ते बनवते.

दुसरी सुधारणा दिसत नाही, पण जीव तिच्यावरच असतो. ग्रीडला जोडलेली अनेक संयंत्रं ग्रीड गेलं की आपोआप बंद पडतात, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. रुग्णालयाला नेमकं तेव्हाच ते चालू हवं. म्हणून ग्रीडपासून स्वतःला तोडून एकट्याने चालायची सोय लागते. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळात जॅक्सन शहराची वीज गेली. तिथल्या मिसिसिपी बॅप्टिस्ट रुग्णालयाने असंच स्वतःला ग्रीडपासून वेगळं काढलं आणि दोन दिवसांहून जास्त काळ स्वतःच्या संयंत्रावर काम चालवलं.

मग राजूरला असं संयंत्र बसवायचं का? नाही. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा. उष्णतेची गरज थोडी, गॅसची पाइपलाइन नाही, आणि असं इंजिन दिवसाचा बराच वेळ चाललं तरच परवडतं. दिवसभर डिझेल जाळणं कुणाला झेपेल? इथे दोन्ही कामं वेगळी करणंच शहाणपणाचं: पाण्यासाठी सोलर हीटर, विजेसाठी पॅनल आणि बॅटरी, जनरेटर शेवटी.

पण डांगाणातल्या पावसात चार महिने ऊन कुठे असतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. म्हणून बॅटरी लाइन असताना लाइनवरही भरली पाहिजे, आणि तिचं माप पावसाळ्यात वीज सर्वात जास्त वेळ कधी गेली होती त्यावरून काढायचं. प्रसूतीकक्ष, लसींचा फ्रिज आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांची वायरिंग वेगळी ठेवायची. गीझर त्या लाइनवर चुकूनही जोडायचा नाही, नाहीतर अर्ध्या रात्रीत बॅटरी रिकामी.