गायीची कांडी माहितीये, मग माणसाची?

ऐकणाऱ्यांना हेडफोन लावा म्हणून सांगितलं होतं. वाचणाऱ्यांनी स्क्रीन जरा तिरकी धरा, म्हणजे झालं.

अंतरवाली सराटीत, खरं तर अंबड तालुक्यातल्या कुठल्याही गावात, गाय माजावर आली की डॉक्टरला फोन जातो. तो गाडीवर येतो, कंटेनरचं झाकण काढतो, पांढरी वाफ निघते आणि आतून बारीक कांडी बाहेर येते. कोमट पाण्यात धरली की वीर्य पातळ, गाय भरवली, विषय संपला. वळू आज जिवंत आहे का, हे कुणी विचारतही नाही. पण हेच माणसाचंही करता येतं म्हटलं, की पारावर सगळे गप्प.

पेशी नुसती गोठवली तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ती फुटते. १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना ग्लिसरॉलचा उपयोग सापडला, तोही बाटल्यांच्या गोंधळातून! १९५३ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या वीर्यातून माणसातही गर्भ राहिला.

आज लॅबमध्ये नमुना दिला की अर्ध्या-एक तासात तो पातळ होतो. शुक्राणू किती, हलतात किती, ते बघतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांसाठी रक्त तपासतात. मग ग्लिसरॉलचं द्रावण थेंब थेंब मिसळून कांड्या भरतात. त्या आधी नायट्रोजनच्या वाफेवर, नंतर थेट द्रवात जातात. उणे १९६ अंश! तिथं पेशीतलं सगळं कामकाज थांबतं. टाकीला वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगची भीती नाही. नायट्रोजन मात्र उडत राहतो, तो वेळेवर भरावा लागतो. वितळवताना बरेच शुक्राणू मरतातच, म्हणून एकापेक्षा जास्त कांड्या ठेवतात.

हे कुणाला लागतं? कॅन्सर झालेल्या, लग्न न झालेल्या पोराला. केमो आणि रेडिएशनमुळे शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. काहींचं परत सुरू होतं, काहींचं नाही, आणि ते आधी सांगता येत नाही. म्हणून नमुना पहिल्या केमोच्या आधीच द्यायचा. घरचे रिपोर्ट, पैसे, गाडीभाडं यात बुडालेले असतात. पोरगा लाजतो. तेवढ्यात केमो सुरू होते.

पुण्याचा एक तरुण जर्मनीत शिकायला होता. ब्रेन ट्यूमर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी केमोआधी वीर्य गोठवायला लावलं. २०१६ मध्ये तो गेला. आईनं त्या कांड्या पुण्याला आणल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सरोगसीतून जुळी नातवंडं झाली. २०२१ च्या सरोगसी कायद्यानंतर हा मार्ग फार अरुंद झालाय, हेही ऐकून ठेवा.

दुसरी गोष्ट मुंबईची. तिथल्या तरुणानंही केमोआधी नमुना ठेवला, पण फॉर्मवर ‘मृत्यू झाल्यास नष्ट करा’ असं लिहून सही केली. घरच्यांना पत्ताच नव्हता. तो गेल्यावर आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. जून २०२५ मध्ये कोर्टानं खटला चालू असेपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितलं. मला वाटतं, आईचं दुःख खरं आहे आणि पोराची सहीही खरी आहे. यात सोपं उत्तर नाही.

त्यामुळे तो फॉर्म वेटिंग रूममध्ये घाईत भरू नका. मृत्यूचा रकाना घरी बोलून भरा. साठवणीची मुदत किती, तेही विचारून घ्या. ठेवण्याची फी वेगळी. आणि मोबाइल नंबर बदललात, तर बँकेला कळवा.