जुनी डिझेल पिकअप घ्यावी काय? आधी फेऱ्या मोजा, मग मीटर बघा



हळद विकली, सोयाबीनचे पैसे हातात आले, की शिरड शहापूर, औंढा, वसमत भागात एक विषय हमखास निघतो. "अमक्या गावात पिकअप विकायला आहे. सहा वर्षांची आहे, नव्वद हजार किलोमीटर चाललीय. घ्यावी का?" रेडिओवर ऐकलेले कागदावर हाताशी असावे, म्हणून ही माहिती या पत्रकात देत आहोत. व्यवहाराला जाताना हे पत्रक खिशात ठेवा.

गाडीची गरज आहे काय?

पहिला हिशेब घरी बसूनच करायचा. समजा, तुमची दोन एकर हळद आहे आणि एकरी २० क्विंटल वाळलेला माल निघाला. पाच एकर सोयाबीन एकरी ८ क्विंटल उतरले. मिळून ८० क्विंटल माल झाला. १३ क्विंटल वजन नेणाऱ्या पिकअपला हा सगळा माल वसमत किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायला सात फेऱ्या लागतील. वर्षाला सात! ऊस असेल तर तो ट्रॅक्टर-ट्रॉलीने नाहीतर ट्रकने कारखान्याला जातो, त्यात पिकअपचे काम नाही.

आता गाडीचा वर्षाचा खर्च मांडू. आकडे हिशेबापुरते धरले आहेत. तुम्ही तुमच्याकडचे घाला.

गाडीची किंमत ५ लाख. पाच वर्षांनी ती अडीच लाखाला विकली गेली, म्हणजे वर्षाला ५० हजारांची घट. गुंतलेल्या पैशाचे व्याज ४० हजार. पैसा घरचा असला तरी व्याज धराच, कारण तोच पैसा ठिबकला किंवा विहिरीला लागला असता. विमा, पासिंग व कर ४० हजार. टायर, ऑइल व दुरुस्ती ४० हजार. एकूण १ लाख ७० हजार.

बाजाराची एक फेरी जाऊन-येऊन ५० किलोमीटर धरू. गाडी लिटरला १२ किलोमीटर गेली आणि डिझेल ९० रुपये धरले, तर फेरीला सुमारे ४०० रुपये लागतात. तीच फेरी भाड्याच्या गाडीने १,५०० रुपयांना पडत असेल, तर फेरीमागे १,१०० रुपये वाचले. १ लाख ७० हजाराला १,१०० ने भागा. उत्तर येते १५५.

म्हणजे वर्षाला १५५ फेऱ्या, आठवड्याला तीन, झाल्या तर गाडी स्वतःचा खर्च काढते. तेही तुम्ही किंवा घरातल्या कोणी चालवली तर. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार वेगळा. भाजीपाला रोज बाजारात जातो, दुधाची फेरी आहे, किंवा आसपासचे भाडे मारायची तयारी आहे, त्याने जरूर पुढे वाचावे. नुसत्या हळद-सोयाबीनवाल्याने भाड्याची गाडी बोलवावी, नाहीतर चौघांनी मिळून एक फेरी करावी. त्यात कमीपणा नाही.

मीटर काय सांगते, काय सांगत नाही?

सहा वर्षांत ९० हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला १५ हजार. तीनशे दिवस धरले तर रोजचे ५० किलोमीटर. मालवाहू गाडीला हे चालणे बेताचेच आहे. पण मीटर मागे फिरवता येते. म्हणून मीटरवर न जाता कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मागा. तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, सीट दबली आहे, स्टेअरिंग झिजले आहे आणि मीटर मात्र ४० हजार दाखवते, तर काय समजायचे ते समजा.

दुसरी गोष्ट ओझ्याची. ते मीटरवर उमटत नाही. वाळू, गिट्टी, विटा ओढलेली गाडी ५० हजारांतच थकते. गाडीखाली वाकून बघा. मागच्या कमानीला जादा पाटे घातलेत काय? चेसिसला वेल्डिंग किंवा चीर आहे काय? हौदाचा पत्रा आतून गंजलाय, चेपलाय काय? मागचे टायर एकाच बाजूने खाल्लेत काय? अशा खुणा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, पाय मागे घ्या.

इंजिन कसे पाहावे?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. तुम्ही जाण्याआधीच बॉनेट गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना कुरकुर करते की काय ही शंका धरा आणि दुसऱ्या दिवशी या. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नसावा.

इंजिन सुरू झाल्यावर धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सतत काळा धूर म्हणजे एअर फिल्टर चोंदला आहे किंवा इंजेक्टरची तक्रार आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फाटल्याचा संशय घ्या. इंजिन हळू चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सैल करा. तिथून भकाभक वाफारा येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत.

मग गाडी माल भरून चढावर चालवून बघा. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच सुटतो आहे. मागून घोंगावल्यासारखा आवाज येत असेल तर क्राउन-पिनियन तपासून घ्या. हे सारे आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. विकणाऱ्याच्या मिस्त्रीला नव्हे.

बीएस-४ की बीएस-६?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच नव्याने विकल्या जातात. त्याआधीच्या बीएस-४ गाडीचे काम गावच्या मिस्त्रीला बरेचसे जमते. तरी कॉमन रेल इंजिनाचा पंप आणि इंजेक्टर महाग असतात. पाणी मिसळलेल्या डिझेलने ते लवकर बिघडतात. बीएस-६ मधल्या काही गाड्यांत काजळी धरणारी जाळी असते. गाडी कायम थोडे अंतर आणि हळू चालली तर ती चोंदते. तिचा दिवा लागलेला असेल तर आधी वर्कशॉपला दाखवा. काही गाड्यांना डीईएफ नावाचे युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत लागते. शेतातला युरिया पाण्यात कालवून तिथे मुळीच घालू नये.

कागदपत्रे : गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो, तसाच आर.सी.वर पाहा. बँकेचे किंवा फायनान्सचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला व फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर व कागदावर स्वतः जुळवा. थकलेली चलने, कर, विमा आणि पासिंगची तारीख परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागते. गाडीचे भरलेले एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर परवानाही पाहावा. तेलंगणातून आलेली गाडी स्वस्त दिसते, पण ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवीन नोंदणी यांचा खर्च धरून मगच किंमत ठरवा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० वर सही घ्या. खरेदीनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला आणि १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे. एमएच ३८ ची गाडी असेल तर नोंद हिंगोलीच्या कार्यालयात असते. "नावाचं बघू सावकाश" असे म्हणू नका. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. नाव न बदललेल्या गाडीने अपघात झाला तर विकणारा अडकतो, आणि घेणाऱ्याला विम्याचे पैसे मिळायची मारामार होते.

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हा निकाल ६ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला आहे. मात्र हौदात मजूर किंवा वऱ्हाडी बसवू नका. माल नेणाऱ्या गाडीचा विमा अशा माणसांची भरपाई देत नाही. एका अपघातात जमीन विकायची पाळी येते.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. आधी वर्षाच्या फेऱ्या मोजा. भाड्याने भागत असेल तर भाड्यानेच भागवा.
२. किलोमीटरपेक्षा ओझ्याच्या खुणा महत्त्वाच्या.
३. गाडी थंड असताना सुरू करा, माल भरून चढावर चालवा.
४. बोजा फिटल्याचा दाखला हातात आल्यावरच पूर्ण पैसे द्या.
५. किमतीच्या दहावा हिस्सा तरी पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. जुनी गाडी घरी आली की टायर, बॅटरी, ऑइल मागतेच.

गाडी दारात उभी राहिली की गावात मान वाढतो, हे खरे. पण हप्ता मानाने फिटत नाही, फेऱ्यांनी फिटतो.