सकाळचं कॉलेज

नोकरी सोडून शिकायचं म्हटलं, तर घरची चूल कशी पेटायची? 1946 साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने यावर सरळ तोड काढली : वर्ग सकाळी. तास संपले की मुलं कचेरी गाठायची. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे पहिलं महाविद्यालय.

1950 मध्ये सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं. तोवर मराठवाड्यातल्या मुलांना पदवीसाठी बहुधा हैदराबादचाच रस्ता धरावा लागे. गरिबाघरी तेवढी ऐपत कुठली? पुढे मिलिंद नावाने ओळखल्या गेलेल्या या महाविद्यालयाने वसतिगृहंही काढली.

वसतिगृहाचं महत्त्व, खरं तर, वर्गाइतकंच : राहायची सोय नसेल, तर गरिबाघरचं मूल शहरात शिकणार कसं? महाविद्यालयाचं काम शिक्षणापुरतंही राहिलं नाही : मिलिंदमध्ये शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि दलित लेखकांच्या कित्येक पिढ्यांना हक्काचं नियतकालिक मिळालं.