सेंट बर्नार्डच्या गळ्यात ब्रँडीचं पिंप नव्हतं

कुत्र्यांच्या जातींची चित्रं छापून, चौकट करून विकायचा धंदा सध्या चांगला चालतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल, पग, प्रत्येकाचा रुबाबदार चेहरा आणि खाली त्या जातीचे गुण. प्राण्यांच्या दवाखान्यात, भेटवस्तूंच्या दुकानात, श्वानप्रेमींच्या दिवाणखान्यात ही चित्रं सर्रास दिसतात. त्यातल्या सेंट बर्नार्डच्या चित्रात एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे पट्ट्याला अडकवलेलं छोटं लाकडी पिंप. आणि चित्रासमोर उभं राहून कुणीतरी हौसेने सांगतं, की त्या पिंपात ब्रँडी असते, बर्फात गाडल्या गेलेल्या माणसाला कुत्रा ती पाजतो आणि माणसाच्या अंगात ऊब येऊन तो वाचतो.

हे मी इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितलेलं ऐकलं आहे, की आता गप्प बसवत नाही. यातला अर्धा भाग इतिहास म्हणून चुकीचा आहे. तो एक वेळ सोडून देता येईल. उरलेला अर्धा शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

आधी ती जागा पाहू. स्वित्झर्लंडचा व्हाले प्रांत आणि इटलीचं आओस्ता खोरं यांच्यामध्ये, आल्प्समध्ये २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे. रोमन काळापासूनची ही वाट. १०५० च्या सुमारास आओस्ताचे धर्माधिकारी बर्नार्ड यांनी खिंडीच्या माथ्यावर धर्मशाळा उभारली. तिथले धर्मगुरू येणाऱ्याला आसरा देत, जेवू घालत आणि हिमवादळात कुणी अडकला तर त्याला शोधायला बाहेर पडत. या संत बर्नार्डांनीच कुत्र्यांची ही जात तयार केली असं काही चित्रांखाली छापलेलं असतं. ते साफ खोटं आहे. कुत्रे तिथे आले सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे बर्नार्ड गेल्यावर जवळजवळ सहाशे वर्षांनी, आणि तेही राखणीसाठी. १६९५ च्या एका चित्रात ते दिसतात, १७०७ मध्ये मठाच्या कागदपत्रांत त्यांचा पहिला उल्लेख येतो. १७०८ च्या एका नोंदीत तर स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरवण्यासाठी केलेलं, कुत्र्याने चालवायचं चाक आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हे कुत्रे वाटाड्यांबरोबर खिंडीत जाऊ लागले. या वाटाड्यांना तिथे मारोनिए म्हणत. कुत्रा पुढे चाले आणि रुंद छातीने भुसभुशीत बर्फ फोडत मागच्यांना वाट करून देई. धुक्यात दोन हातांवरचं दिसेनासं झालं तरी बर्फाखाली बुजलेली वाट त्याला नाकाने सापडे. बर्फाखाली माणूस असेल तर त्याचाही वास लागे. मग तो पंजांनी उकरे, माणसाचं तोंड चाटून त्याला जागं करी, अंगाला अंग लावून त्याच्याजवळ पडून राही. जोडीचा दुसरा कुत्रा धर्मशाळेकडे परत जाऊन माणसांना घेऊन येई. दोनशे वर्षांत अशी सुमारे दोन हजार माणसं वाचली असं मानलं जातं. नोंदलेली शेवटची सुटका १८९७ ची आहे. गोठून मरायला टेकलेल्या बारा वर्षांच्या मुलाला कुत्र्याने जागं केलं होतं.

या सगळ्यात पिंप कुठेच नाही. खाणंपिणं, दोर, घोंगड्या हे सगळं माणसांकडे असे. कुत्र्यांनी कधी दारूची पिंपं वाहिली नाहीत, हे धर्मशाळेच्या धर्मगुरूंनीच अनेकदा सांगितलेलं आहे. मग पिंप आलं कुठून?

ते सर्वदूर पोचलं एका चित्रामुळे. १८२० मध्ये एडविन लँडसियर या जेमतेम अठरा वर्षांच्या इंग्रज चित्रकाराने एक मोठं तैलचित्र रंगवलं. बर्फात अर्धवट गाडला गेलेला प्रवासी आणि त्याला शुद्धीवर आणणारे दोन आल्पाइन मॅस्टिफ, असा त्याचा विषय. 'सेंट बर्नार्ड' हे नाव तेव्हा रूढ झालेलं नव्हतं. एका कुत्र्याच्या गळ्यात त्याने छोटं पिंप दाखवलं. हाच लँडसियर पुढे व्हिक्टोरिया राणीचा आवडता चित्रकार झाला, लंडनच्या ट्रफाल्गार चौकातले सिंहही त्याचेच. पण तैलचित्र पाहणारे मूठभरच असतात. १८३१ मध्ये त्याचे वडील जॉन लँडसियर यांनी त्या चित्राचं धातूच्या पत्र्यावर कोरीवकाम करून छाप काढले, सोबत कुत्र्यांची आणि खिंडीची माहिती देणारं पुस्तकही काढलं. चित्र आता कुणाच्याही भिंतीवर लागू शकत होतं. आज दुकानात दिसतं ते चित्र या छापाचंच वंशज आहे.

जाणकार वाचक इथे विचारतील, की लिखित पुरावा काहीच नाही का? आहे. १८४० मध्ये पेटर शाइटलिन या स्विस लेखकाने बॅरी नावाच्या प्रसिद्ध कुत्र्याची स्तुती करताना त्याच्या गळ्यात पावाची टोपली आणि पेयाची बाटली असल्याचं लिहिलं आहे. पण तोवर बॅरीला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि लँडसियरचा छापही बाजारात होता. असं भावनेने भरलेलं स्तुतिपर लिखाण एका बाजूला आणि धर्मशाळेचं स्वतःचं म्हणणं दुसऱ्या बाजूला असेल, तर मी धर्मशाळेवर विश्वास ठेवीन. तिथे पिंपं ठेवलेली असतात हे खरं, पण ती पर्यटकांच्या फोटोंसाठी.

आता शरीरशास्त्र, आणि इथे कृपा करून नीट लक्ष द्या. दारू पोटात गेली की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. शरीराच्या आतलं गरम रक्त त्वचेकडे येतं. उष्णतेची जाणीव करून देणारी मज्जातंतूंची टोकं त्वचेत असल्यामुळे माणसाला वाटतं, अंगात ऊब आली. प्रत्यक्षात हृदय, मेंदू, यकृत यांच्याजवळची उष्णता बाहेरच्या थंड हवेत निघून जात असते. थंडीत अंग थरथरतं ते स्नायू उष्णता तयार करत असतात म्हणून. दारू ती थरथर कमी करते. थरथर चालू ठेवायला साखर लागते आणि उपाशी माणसाच्या यकृतात नवी साखर तयार होण्यात दारू अडथळा आणते. यावर आणखी भर म्हणजे माणसाची विचारशक्ती मंदावते, आडोसा शोधायचं, ओले कपडे काढायचं भान राहत नाही. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात द्रव ओतला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. बर्फातून काढलेल्या माणसाला कुत्र्याने खरोखरच ब्रँडी पाजली असती, तर त्या दोन हजारांतले किती जण घरी पोचले असते?

हे मी आल्प्सच्या काळजीपोटी लिहीत नाही. आपल्याकडे हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांच्या पाठपिशवीत 'थंडीसाठी' म्हणून रमची बाटली असते. डिसेंबरात गडावर मुक्काम असला की तीच बाटली पुन्हा निघते. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाला चमच्यात दोन थेंब ब्रँडी देण्याची पद्धत कितीतरी मराठी घरांत अजून आहे, आणि आजी-मावशी ते मायेपोटीच करतात. पण मायेने दिली म्हणून दारूचा परिणाम बदलत नाही. बाळाच्या शरीरात साखरेचा साठा आधीच थोडा असतो, त्याला दारूचा थेंबही देऊ नये. गारठलेल्या माणसाचे ओले कपडे काढा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, वाऱ्यापासून आडोशाला घ्या. तो पूर्ण शुद्धीत असेल तर गरम, गोड पेय द्या. हातपाय जोरजोराने चोळू नका. आणि लवकरात लवकर डॉक्टरकडे न्या.

उरलेल्या समजुतींना एवढी जागा द्यायची गरज नाही, पण बॅरीसाठी थोडं थांबायला हवं. १८०० मध्ये जन्मलेल्या या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचवले असं सांगतात. ज्याला वाचवायला गेला त्या एक्केचाळिसाव्या माणसाने त्याला लांडगा समजून मारलं, ही गोष्टही त्याला जोडलेली आहे. पॅरिसजवळच्या आस्निएर इथल्या प्राण्यांच्या स्मशानभूमीत बॅरीचं स्मारक आहे, त्यावर ही गोष्ट कोरलेली आहे. दगडात कोरलेली असल्यामुळे लोकांना ती खरी वाटते. खरं असं, की १८१२ मध्ये म्हाताऱ्या बॅरीला बर्न शहरात आणलं गेलं आणि १८१४ मध्ये तो तिथेच शांतपणे मेला. त्याचं कातडं भरून बर्नच्या निसर्गइतिहास संग्रहालयात ठेवलं आहे. १९२३ मध्ये ते नव्याने भरताना त्याची मान उंचावली, डोकं त्या काळच्या सेंट बर्नार्डसारखं भारदस्त केलं आणि गळ्यात पिंपही अडकवलं. म्हणजे खरा कुत्रा समोर असताना त्यालाच चित्रासारखं बनवलं गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

आकाराबद्दलही असंच. चित्रातला अवाढव्य, लोंबत्या गालांचा, लांब केसांचा कुत्रा बर्फात काम करत होता हा गैरसमज आहे. बॅरी चाळीस-पंचेचाळीस किलोंचा, आजच्यापेक्षा बराच सडसडीत होता. १८१६ नंतरच्या कडक हिवाळ्यांत हिमकडे कोसळून बरेच कुत्रे मेले, म्हणून पुढे न्यूफाउंडलंड जातीशी संकर केला गेला. पिल्लांचे केस लांब निघाले, त्यात बर्फाच्या गाठी जमू लागल्या आणि ती या कामाला निरुपयोगी ठरली. धर्मगुरूंनी ती खालच्या खोऱ्यांत देऊन टाकली. आजचा सत्तर-ऐंशी किलोंचा कुत्रा प्रदर्शनांसाठी झालेल्या पैदाशीतून आला आहे. जातीची स्विस नोंदवही १८८४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातला पहिला कुत्रा सेंट बर्नार्डच होता, लेओं नावाचा.

सेंट बर्नार्ड आजही आल्प्समध्ये शोधकार्य करतात? नाही, ते काम आता हेलिकॉप्टर आणि त्यात सहज मावणारे हलके कुत्रे करतात. २००५ पासून धर्मशाळेच्या कुत्र्यांची पैदास मार्तिन्यी गावातली बॅरी प्रतिष्ठान ही संस्था सांभाळते आणि उन्हाळ्यात काही कुत्रे खिंडीत नेले जातात. बर्फाखालचा माणूस शोधणं फक्त याच जातीला जमतं? तेही नाही. २०१६ मध्ये सियाचिनवर गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड यांना शोधणाऱ्या पथकात आपल्या लष्कराचे डॉट आणि मिशा हे कुत्रे होते.

चित्राखाली गुण छापलेले असतात, धैर्य, निष्ठा, माया. या कुत्र्यांनी ते कमावले आहेत. स्वभावाने सेंट बर्नार्ड शांत आणि माणसाळू असतो, याबद्दल वाद नाही. पण 'जन्मजात दाई' म्हणून लहान मुलांना त्याच्या भरवशावर सोडायचं, हे चूक. सत्तर किलोंच्या कुत्र्याला लहानपणापासून शिस्त लावली नाही, तर प्रेमाने अंगावर आला तरी मूल आपटतं.

आणि आता जे सांगायचं आहे ते पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात राहणाऱ्यांना. चित्र पाहून, 'बेथोव्हेन' सिनेमा पाहून इथे सेंट बर्नार्डची पिल्लं विकत घेतली जातात. या कुत्र्याच्या अंगावर हिमवादळासाठी घडलेली केसांची दुहेरी दाट झूल आहे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, धापा टाकूनच त्याचं अंग थंड होतं. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि मुंबईच्या दमट हवेत तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. मोठ्या आकारामुळे कंबरेच्या सांध्यांचे विकार, पोटाला पीळ पडणं, हृदयाचे विकार या जातीत नेहमीचे आहेत आणि आयुष्य जेमतेम आठ-दहा वर्षांचं. वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवणं हा काही उपाय नाही. ज्याची सारी हुशारी नाकात आणि पंजांत आहे, त्याला चार भिंतींत बसवून ठेवणं क्रूरपणाचं आहे.

चित्र आवडलं असेल तर खुशाल भिंतीवर लावा. पिल्लू मात्र आणू नका. कुत्रा पाळायचाच असेल तर जवळच्या प्राणी-निवारा केंद्रात जा. इथल्या हवेत जन्मलेली, इथला उन्हाळा सोसू शकणारी कितीतरी पिल्लं तिथे घराची वाट पाहत आहेत.