श्रावणातील डोंगर आणि उपाशीपोटी गोळी

समुद्र पाहायचा म्हणून आपल्याकडची मंडळी मुद्दाम कोकणात जातात. हरिहरेश्वरला देवदर्शन झाले की प्रदक्षिणेच्या वाटेने टेकडीवर येतात, पुढ्यात अथांग पाणी पाहतात आणि ‘बरे वाटले’ म्हणत परततात. त्या बरे वाटण्यात समुद्राचा जेवढा वाटा असतो, तेवढाच पायी चालण्याचा आणि लांबवर नजर जाण्याचाही असतो. या दोन्ही गोष्टी तिसगावकरांना घराजवळ मिळतात. गर्भगिरीच्या कुशीतील वृद्धेश्वर आणि टेकडीवरचे मढी आपल्या शेजारीच आहेत. श्रावणात डोंगर हिरवा होतो, झाडीत मोर ओरडत असतात आणि थोडे वर चढले की खालची वावरे गोधडीच्या ठिगळांसारखी दिसतात. तरीही हल्ली बरेच जण देवळाच्या दारापर्यंत मोटारसायकल नेतात!

चालावे किती? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोज चालण्याची सवय नसणाऱ्याने डोंगरवाटेवर पहिल्या दिवशी अर्धा तास चालले तरी पुष्कळ झाले. वेग ठरवायला घड्याळ नको. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढीच खूण पुरे. छातीत दाटून आले, दुखणे डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाऊ लागले, तर मात्र तिथेच बसावे, मदत बोलवावी आणि दवाखाना गाठावा. ‘देव बघून घेईल’ म्हणून पुढे चढू नये.

आज लिहायला बसलो ते मधुमेही वाचकांसाठी. श्रावणी सोमवारी वृद्धेश्वराला गर्दी असते आणि अनेकांचा कडक उपवास असतो. माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकरी गृहस्थांनी सकाळची साखरेची गोळी नेमाने घेतली, पोटात मात्र फक्त काळा चहा. अर्ध्या वाटेवर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. कुणी म्हणाले ऊन लागले, कुणी म्हणाले अंगात आले. बरोबरच्या सुनेने प्रसादाची साखर तोंडात घातली आणि दहा-पंधरा मिनिटांत मामंजी ताळ्यावर आले. मुलगी शहाणी!

त्याचे असे होते. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन रक्तातील साखर उतरवतात, चालणारे स्नायूही साखर ओढून घेतात आणि वरून उपवास. तिन्ही एकत्र आले की साखर धोक्याच्या खाली जाते. म्हणून उपवास करायचाच असेल तर गोळीचे काय करायचे, हे आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. मनाने डोस बदलू नये. खिशात साखरेची पुडी असावी. त्रास सुरू होताच तीन-चार चमचे द्यावी, पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी आणि मग काही खायला घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे.

तळपायाला बधिरपणा असलेल्यांनी आणखी एक सांभाळावे. दुपारच्या उन्हात मढीच्या पायऱ्यांचा दगड तापतो. अनवाणी चालताना चटका कळत नाही आणि घरी आल्यावर फोड दिसतो. दर्शन सकाळी उरकावे आणि रात्री तळपाय आरशात पाहावेत. सकाळी म्हणजे चांगले उजाडल्यावर, आणि एकट्याने नव्हे. २०२० साली पाथर्डी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

उतरणीला मात्र कमी लेखू नका. ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी काही बैठ्या माणसांना दोन महिने फक्त डोंगर चढायला आणि दोन महिने फक्त उतरायला लावले होते, उरलेला प्रवास पाळण्याने. २००४ साली त्यांनी सांगितले, की चढण्याने रक्तातील एका प्रकारची चरबी घटली, तर उतरण्याने साखर पचवण्याची ताकद सुधारली. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र उतरताना हातात काठी घ्यावी आणि पावले लहान टाकावीत. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते दोन-तीन दिवसांत आपोआप थांबते, त्यासाठी इंजेक्शन मागायला येऊ नये.